गावात बँकेची शाखा येते कशी आणि जाते कशी

१ मे २०२५ पासून महाराष्ट्रात एकच ग्रामीण बँक उरली. नागपूरला मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि छत्रपती संभाजीनगरची महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र झाल्या. 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणाखाली त्या दिवशी देशभरातल्या ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. पासबुक बदलायचं का, चेकबुक चालेल का, या चौकशा सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर एक जुनी धास्तीही परत आली: आपल्या गावातली शाखा राहणार का?

ही धास्ती उगीच नाही. बँका एकत्र झाल्या की काही शाखाही एकत्र होतात, हे लोकांनी पाहिलंय. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. दोन्ही आपापल्या मुलखात वाढलेल्या बँका होत्या. तिथला मॅनेजर कुणाच्या शेतात किती ऊस उभा आहे हे फॉर्म न वाचता सांगू शके.

गावातली शाखा मुळात येते का, आणि एवढी सहज का जाते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. पण त्याआधी शाखेत काय काय चालतं ते पाहू.

शाखेत दोन कामं चालतात

पहिलं काम काउंटरचं. पैसे घेणं, पैसे देणं, पासबुक भरून देणं, पेन्शन आणि अनुदान खात्यात आलंय का ते बघणं. आपण बँकेत जातो ते बहुतेक वेळा याच कामाला.

दुसरं काम काउंटरच्या मागे, मॅनेजरच्या टेबलावर होतं: कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणं. सातबारा आणि आठ-अ बघायचा, सातबाऱ्यावर आधीचा बोजा आहे का ते तपासायचं, विहिरीला पाणी किती महिने असतं ते विचारायचं, जमलं तर शेतावर जाऊन यायचं आणि मग सही करायची. प्रत्येक मॅनेजरला मंजुरीची मर्यादा ठरवून दिलेली असते. त्या रकमेपर्यंत तो स्वतः सही करतो, त्यावरची फाईल क्षेत्रीय कार्यालयात जाते.

गावाच्या दृष्टीने या दोन कामांचं मोल सारखं नाही. पैसे ठेवायला आणि काढायला आज चार वाटा आहेत. कर्जासाठी मात्र गाव ओळखणारा आणि सहीचा अधिकार असलेला माणूस लागतो. शाखांच्या सगळ्या इतिहासात हा माणूस गावाच्या जवळ आला कधी आणि लांब गेला कधी, एवढंच माझ्या मते बघण्यासारखं आहे. फलकांची संख्या त्यानंतर.

बँक नव्हती तेव्हा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ला केला. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. त्या मिळाल्या की जाळल्या जात. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे झाले.

दशकभर आधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला तेजी आली होती आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं होतं. युद्ध संपलं, भाव पडले, सारा वाढला आणि सावकारांनी नवं कर्ज बंद करून जुनं वसूल करायला कोर्टाची वाट धरली. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. कागदावर जे लिहिलंय त्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याची मुभा कोर्टाला मिळाली.

सावकाराला वेसण बसली खरी, पण पेरणीला पैसा आता कोण देणार? इंग्रज सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढून बघण्याची योजना मांडली होती. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली, पण लंडनहून मंजुरी आली नाही. पुरंदरला ती बँक निघाली असती तर काय झालं असतं, याचा विचार मनात येऊन जातोच.

नंतर आला सहकार. १९०४ च्या कायद्याने गावात पतपुरवठा संस्था काढता येऊ लागल्या. नमुना जर्मनीतल्या राइफायझनच्या संस्थांचा होता: क्षेत्र लहान ठेवायचं, सभासद एकमेकांना ओळखणारे हवेत आणि कर्जाची जबाबदारी सगळ्यांची. आपल्या गावातली विविध कार्यकारी सोसायटी ही त्याच झाडाची फांदी. गावात सोसायटी, जिल्ह्याला मध्यवर्ती बँक, राज्याला शिखर बँक अशी तीन मजली इमारत उभी राहिली आणि ती आजही उभी आहे. महाराष्ट्रात जिल्हा मध्यवर्ती बँका ३१ आहेत. सोसायटीचा गटसचिव मंजुरी देत नाही, ती कमिटी आणि जिल्हा बँक देते. पण गावातल्या कर्जाची माहिती ज्याच्या डोक्यात असते तो माणूस म्हणजे गटसचिव.

शंभरातला एक रुपयाही नाही

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी करून घेतली. ए. डी. गोरवाला समितीचे अध्यक्ष होते आणि सदस्यांत धनंजयराव गाडगीळ होते. ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं तपासली गेली आणि अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकरी जे कर्ज घेतो त्यातल्या दर शंभर रुपयांतले सुमारे ७० सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांकडून सुमारे ३ रुपये, आणि व्यापारी बँकांकडून एक रुपयासुद्धा नाही. सहकाराला अर्धं शतक मिळूनही ही अवस्था होती. सहकार अपयशी ठरला आहे पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असं समितीने लिहिलं, आणि हे वाक्य पुढे प्रत्येक सहकार परिषदेत कुणी ना कुणी म्हणत आलं.

व्यापारी बँका तोवर शहरांत आणि बाजारपेठेच्या गावांत होत्या. खेड्यात येण्याचं त्यांना कारण नव्हतं. आणि लोकांनाही बँकेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे ते दिवस नव्हते. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्याच वर्षी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँकही. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला. सुरुवातीला संरक्षण होतं १,५०० रुपयांचं. आज ते एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत आहे.

इथे जरा थांबून एक सांगतो, कारण यात फार लोक फसतात. हा विमा बँकांना आहे. ग्रामीण बँक, जिल्हा बँक, नागरी सहकारी बँक, सगळ्या त्यात येतात. पतसंस्था येत नाही. काचेची केबिन, पिग्मी गोळा करणारा एजंट, छापील पासबुक असं सगळं बँकेसारखं दिसत असलं तरी पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यात ठेव ठेवू नका असं मी म्हणत नाही. हा विमा तिथे लागू नाही, एवढं ठाऊक असूनच ठेवा.

हुकमाने आलेल्या शाखा

गोरवाला समितीच्या शिफारशीवरून इंपीरियल बँकेचं रूपांतर होऊन १ जुलै १९५५ ला स्टेट बँक जन्माला आली. कायद्यानेच तिला काम लावून दिलं: ५ वर्षांत ४०० नव्या शाखा. या शाखा तोट्यात जाणार हे गृहीत होतं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा निधी काढला आणि रिझर्व्ह बँकेला मिळणाऱ्या लाभांशातून तो भरायचा असं ठरलं. तोटा कोण सोसणार हे आधी ठरलं, शाखा नंतर उघडल्या. पुढच्या काळात हा क्रम फार वेळा उलटा झाला.

मग १९ जुलै १९६९. ५० कोटींपेक्षा जास्त ठेवी असलेल्या १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती. त्या वेळी देशात बँकांच्या शाखा ८,२६२ होत्या आणि खेड्यांत त्यातल्या जेमतेम १,८००. सरासरी ६५ हजार माणसांमागे एक शाखा पडत होती. शेतीला मिळणारं कर्ज एकूण कर्जाच्या २ टक्क्यांच्या आसपास. निर्णयामागे राजकारण होतं का? होतं, भरपूर होतं. पण हे आकडेही होते.

त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. प्रत्येक जिल्हा एका बँकेकडे सोपवायचा आणि त्या जिल्ह्यात कुठे शाखा नाही, कुठे कर्ज पोचत नाही हे तिने बघायचं. ही कल्पना गाडगिळांच्या अभ्यासगटातून निघाली होती.

सगळ्यात परिणामकारक ठरला तो १९७७ चा नियम. ज्या ठिकाणी आधीच बँक आहे तिथे नवी शाखा काढायची असेल, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा काढाव्या लागतील. शहरातल्या मोक्याच्या जागेचा परवाना हवा तर चार खेड्यांत जा. १९९० मध्ये हा नियम गेला, तोवर ग्रामीण शाखा ३५ हजारांच्या आसपास पोचल्या होत्या आणि एका शाखेमागची लोकसंख्या १४ हजारांवर आली होती. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा निष्कर्ष काढला की या शाखाविस्तारामुळे खेड्यातलं दारिद्र्य घटलं. काही अर्थतज्ज्ञांना तो पटला नाही. मला तो बराचसा पटतो. बाकी काही असो, पगारी माणूस गावात राहायला आला आणि त्याच्या हातात कर्जाची सही होती, हे या देशात पहिल्यांदा घडलं.

स्वस्तातली बँक का महागली

मोठ्या बँकेचा शहरी पगाराचा, शहरी सवयींचा माणूस खेड्यात रमत नाही आणि परवडतही नाही, हे लवकरच ध्यानात आलं. म्हणून २ ऑक्टोबर १९७५ ला देशात पाच ग्रामीण बँका सुरू झाल्या. पहिली प्रथमा बँक, उत्तर प्रदेशात मुरादाबादला. मालकी तिघांची: केंद्र सरकार ५० टक्के, राज्य सरकार १५ टक्के आणि पुरस्कर्ती बँक ३५ टक्के. पुरस्कर्ती बँक म्हणजे त्या ग्रामीण बँकेला भांडवल, माणसं आणि मार्गदर्शन पुरवणारी मोठी बँक. कर्मचारी त्याच भागातले, पगार राज्य सरकारच्या नोकरांइतके, काम एकदोन जिल्ह्यांपुरतं. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं मुख्यालय नांदेडला होतं.

कल्पना चांगली होती. पण या बँकांनी कर्ज द्यायचं ते फक्त छोटे शेतकरी, शेतमजूर, कारागीर यांनाच, अशी अट होती. म्हणजे मोठ्या कर्जाच्या नफ्यातून छोट्या कर्जाचा खर्च भरून काढायची सोयच नाही. त्यात १९९० मध्ये राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाने निवाडा दिला की ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्यांना पुरस्कर्त्या बँकेइतकाच पगार मिळाला पाहिजे. निवाडा न्याय्यच होता, काम तेच करायचं तर पगार कमी का? पण स्वस्त बँक ही मूळ कल्पना त्या दिवशी संपली. अट पुढे सैल झाली, पण तोवर बऱ्याच बँकांचं भांडवल खाऊन झालं होतं. १९६ पर्यंत गेलेली त्यांची संख्या २००५ नंतर विलीनीकरणांनी घटत गेली आणि आता २८ वर आली आहे.

हिशोब जुळत का नाही

आता आतबट्ट्याचं गणित. बँक तुमच्या ठेवीवर व्याज देते, कर्जावर जास्त व्याज घेते आणि मधल्या फरकावर जगते. समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा हा फरक ३ टक्के आहे आणि पाच माणसांच्या शाखेचा पगार, भाडं, वीज, इंटरनेट, रोकड ने-आण असा वर्षाचा खर्च ६० लाख आहे. मग शाखेने निदान २० कोटी फिरवले तर खर्च निघेल. ५० हजारांच्या एका पीककर्जावर बँकेला वर्षाला सुटतात १,५०० रुपये. ५० लाखांच्या कर्जावर सुटतात दीड लाख. सातबारा तपासणं, बोजा चढवणं, नोटीस पाठवणं हे काम छोट्या कर्जात कमी होत नाही. उलट कर्जदार शंभरपट असतात.

माणसं कमी करू म्हटलं तर तेही एका मर्यादेपर्यंतच. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक कॅशिअरकडे. दोघे समोर असल्याशिवाय ती उघडत नाही, आणि एक जण रजेवर गेला तर किल्ली लेखी नोंद करून तिसऱ्याकडे द्यावी लागते. संगणकावरही तसंच: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजूर करायची. दोन माणसांच्या शाखेत एकाला ताप आला की व्यवहार अडतात, आणि मॅनेजर शेतावर जायचं म्हणाला तर मागे कोण बसणार?

म्हणजे शाखा तोट्यातच, असं का? तिच्या एकटीच्या वहीत बघितलं तर बऱ्याचदा हो. पण एसटीची मुक्कामी गाडी आठवा. रात्री पाच प्रवासी घेऊन गावात जाते, तिचा फेरा डेपोच्या कागदावर तोट्याचाच दिसतो. ती बंद केली की सकाळी कॉलेजला, दवाखान्याला, बाजाराला निघणारा माणूस एसटीकडेच येईनासा होतो आणि पुढच्या गाड्याही रिकाम्या पडतात. तो तोटा कुठल्याच फेऱ्याच्या नावावर चढत नाही.

पण कर्ज बुडवलं कुणी?

हा आक्षेप रास्त आहे. ऐंशीच्या दशकात कर्जमेळे झाले. मंडपात व्यासपीठावरून कर्ज वाटलं गेलं आणि मॅनेजरची सही ही निव्वळ औपचारिकता झाली. १९९० मध्ये १० हजारांपर्यंतची कर्जमाफी आली, २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी, महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ ला पुन्हा. दर वेळी सरकारने माफीचे पैसे बँकेला भरून दिले, तरी वेळेवर फेडणारा स्वतःला खुळा समजू लागला आणि निवडणूक जवळ आली की वसुली थंडावू लागली. सहकारातही काही ठिकाणी संचालकांनी बँकेला घरची तिजोरी मानलं. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळत नव्हता. २०१४ मध्ये केंद्राने अशा बँकांसाठी मदतीचं पॅकेज मंजूर केल्यावर वाट मोकळी झाली.

तरीही 'खेडूत पैसे बुडवतात म्हणून बँक जाते' हे मला मान्य नाही. कर्जमाफी मागणाराही शेतकरीच आणि दोन पावसाळे कोरडे गेल्यावर बायकोची पाटली गहाण टाकून सोसायटी भरणाराही शेतकरीच. दोघांतला फरक ज्याला कळतो तो मॅनेजर गावात बसलेला असतो. मंडपातून कर्ज वाटा असा हुकूम सुटला, त्या दिवशी त्याचं काम वरच्यांनी काढून घेतलं होतं. बुडीत कर्जाचा दोष मात्र शाखेच्या नावावर लागला.

बँकांच्या सुधारणा सुचवणाऱ्या १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर बँकांना नफा बघा असं सांगण्यात आलं. ग्रामीण शाखा ३५ हजारांवरून २००५-०६ पर्यंत ३० हजारांच्या आसपास आल्या. सगळ्याच बंद पडल्या असं नाही. काही दुसऱ्या शाखेत मिसळल्या, तर जनगणनेनंतर काही गावं मोठी ठरली आणि तिथली शाखा कागदावर 'ग्रामीण' राहिली नाही. पण या काळात नव्या ग्रामीण शाखा जवळजवळ थांबल्या होत्या, हे खरं.

गावाचा पैसा कुठे जातो

इथे एकच तांत्रिक शब्द घेऊ: सीडी रेशो. शाखेत जमलेल्या ठेवींच्या मानाने तिथे किती कर्ज वाटलं, त्याची टक्केवारी. १० कोटी ठेवी आणि ४ कोटी कर्ज, तर सीडी रेशो ४० टक्के. उरलेले ६ कोटी बँक दुसरीकडे वापरते. ग्रामीण आणि निमशहरी शाखांत हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत न्यावं, अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे.

दापोली-गुहागरकडच्या एखाद्या गावाचा विचार करा. घरटी एक माणूस मुंबईला, त्याचे पैसे गावच्या खात्यात, बागायत थोडी आणि कर्ज मागणारा त्याहून थोडा. तिथे सीडी रेशो कमी असणं समजू शकतं. पण जिथे शेतकरी अर्ज घेऊन चार हेलपाटे घालतोय आणि तरी रेशो खाली आहे, तिथे शाखा गावाचा पैसा बाहेर नेणारी मोरी झालेली असते. शाखा आहे एवढ्यावर समाधान मानू नये ते यासाठी.

बँकांनी शेतीला एकूण कर्जाच्या १८ टक्के द्यायला हवेत असा दंडक आहे. उद्दिष्ट चुकलं तर तेवढी रक्कम नाबार्ड (शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक) सारख्या संस्थांकडच्या निधीत टाकावी लागते. १९९५-९६ पासून अशा पैशातून राज्य सरकारांना पाटबंधारे, रस्ते, पूल यांसाठी कर्ज मिळतं. रस्ता हवाच. पण पेरणीच्या तोंडावर ज्याला बियाण्याला पैसे हवेत त्याला पुलाचा काय उपयोग?

फोनवर सगळं होतं, मग शाखा कशाला?

२००६ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना प्रतिनिधी नेमायची मुभा दिली. तोच आपला बँक मित्र. किराणा दुकानात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत अंगठ्याचं यंत्र घेऊन बसतो, कमिशनवर काम करतो. २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती निघाली आणि बँक मित्राचं काम वाढलं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'बँकिंग आउटलेट' अशी व्याख्या केली. आठवड्यातले किमान ५ दिवस, रोज किमान ४ तास सेवा देणारं ठिकाण, मग तिथे बँकेचा कर्मचारी असो वा प्रतिनिधी, शाखेच्या पंगतीत बसू लागलं.

याचा फायदा मी कमी लेखत नाही. निराधार योजनेच्या पैशासाठी म्हातारीला तालुक्याला जाऊन दिवस मोडावा लागे, ती आता गल्लीतच पैसे काढते. ऊसतोडीला गेलेला माणूस तिथून घरी पैसे पाठवतो. काउंटरचं काम बरंचसं गावात आलं, काही ठिकाणी शाखा होती तेव्हाहून जवळ आलं. अडचणी आहेतच: रेंज नसते, खुरप्याने झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, बँक मित्राच्या हातात रोकड संपते. त्या सुटण्यासारख्या आहेत.

पण बँक मित्र कर्जाचा अर्ज घेऊ शकतो, मंजूर करू शकत नाही. ही अडचण कुठे दिसते ते 'नवं-जुनं'मध्ये बघा. पीककर्ज वर्षाने फेडायचं आणि पुढच्या हंगामासाठी नव्याने उचलायचं असतं. वेळेवर फेडलं तर केंद्राची सवलत धरून ३ लाखांपर्यंतच्या कर्जाचा दर ४ टक्क्यांवर येतो. मुदत संपते तेव्हा माल विकला गेलेला असतोच असं नाही. मग शेतकरी ओळखीच्या व्यापाऱ्याकडून चार-आठ दिवसांसाठी उसने घेतो, जुनं खातं भरतो आणि नवं कर्ज खात्यावर पडलं की ते परत करतो. शाखा गावात असेल, मॅनेजर जागेवर असेल, तर हे दोन दिवसांत उरकतं. फाईल क्षेत्रीय कार्यालयात गेली, कागदांत एक सही कमी निघाली, तर दोन दिवसांचे तीन आठवडे होतात आणि व्यापाऱ्याचं व्याज महिन्याला शेकडा दोन-तीन रुपयांनी चालू राहतं. बँकेच्या कागदावर हे कर्ज ४ टक्क्यांचं. शेतकऱ्याच्या खिशातून गेलेलं व्याज मोजलं तर हिशोब वेगळा निघतो, आणि तो कुठल्याच अहवालात येत नाही. १८७५ च्या सुप्यातला सावकार गेला म्हणतात, पण नवं-जुनं लांबलं की त्याचा नातू दारात उभा असतो.

आता विलीनीकरणाकडे

ग्रामीण बँकांचं भांडवल एकत्र आलं, संगणकप्रणाली एक झाली, तर बँक मजबूत होईल आणि मोठी कर्जं देऊ शकेल, असं सरकारचं म्हणणं आहे. त्यात तथ्य आहे. १९६ पैकी अनेक बँका फार लहान होत्या आणि एका दुष्काळात आडव्या पडत. खातेदाराची ठेव कुठे जात नाही, सातबाऱ्यावरचा बोजा नव्या बँकेच्या नावे चालू राहतो आणि जुनं कर्ज माफ होत नाही (असं कुणी सांगत फिरत असेल तर ऐकू नका).

बदलतं ते अंतर. नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक आधीच्या विलीनीकरणात महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आणि कारभार संभाजीनगरला. आता कोकण आणि विदर्भाचा कारभारही तिथून चालणार. सिंधुदुर्गातल्या आंबा-काजूचं आणि गडचिरोलीतल्या भाताचं गणित एकाच इमारतीत कळावं अशी अपेक्षा करायची, तर खालच्या मॅनेजरच्या सहीची मर्यादा वाढवायला हवी. ती वाढली की घटली, यावरून हे विलीनीकरण गावाच्या कामाचं झालं की नाही ते ठरेल.

राहिला मूळ प्रश्न, शाखा बंद होईल का. बँकेला वाटलं म्हणून ग्रामीण शाखा बंद करता येत नाही. त्यासाठी जिल्हास्तरीय सल्लागार समितीची मंजुरी लागते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, अग्रणी बँकेचा जिल्हा व्यवस्थापक तिचं काम बघतो. त्यामुळे शाखा हलण्याची कुणकुण लागली तर ग्रामसभेचा ठराव या दोघांकडे द्यावा. शाखेच्या दारात घोषणा देऊन मॅनेजरला धारेवर धरण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात ते नसतं.

मात्र शाखेतला कृषी अधिकारी तालुक्याला हलवायला, मंजुरीचं काम शहरातल्या कर्ज केंद्रात न्यायला किंवा पाचाची माणसं तीनवर आणायला ग्रामसभेला कुणी विचारत नाही. तेव्हा ठरावात एवढंच लिहू नका की शाखा राहू द्या. आमच्या शाखेचा सीडी रेशो किती, पीककर्जाची मंजुरी कोणाच्या सहीने होते, आणि गेल्या खरिपात अर्ज दिल्यापासून पैसे खात्यावर पडायला सरासरी किती दिवस लागले, हे तीन प्रश्नही लेखी विचारा.